मान हलवली म्हणजे नक्की काय केलं? (इंग्रजीच्या शंका, वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात मी विचारलं होतं की उडी मारणं, ओढणं, फेकणं, हलवणं असल्या अगदी रोजच्या हालचालींचं इंग्रजी बोलताना तुम्ही कुठे अडखळता ते कळवा, आणि पत्रं, मेल, व्हॉट्सॲप असं सगळीकडून इतकं आलं की वाचता वाचता दोन दुपारी गेल्या. मी अठ्ठावीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. काळ, प्रयोग, प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष कथन हे मुलं पाठ करून का होईना पार पाडायची, पण "पडला" आणि "पाडला" इंग्रजीत वेगळं कसं सांगायचं इथे वर्ग गप्प व्हायचा, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं टाकलेली नाहीत.

मुलगी चौथीत आहे. वर्कशीटमध्ये "चिमणी भिंतीवर उड्या मारत होती" असं चित्र होतं, तिने "जंप" लिहिलं, बाईंनी चूक देऊन "हॉप" लिहून दिलं. दोन्हीचा अर्थ उडीच ना? मग लीप आणि स्किप म्हणजे काय? (एक आई, नाशिक)

ताई, आधी एक करा, लेकीला घेऊन खिडकीत बसा आणि थोडे दाणे टाका. चिमणी आली की तिचे पाय बघायला सांगा. चिमणी दोन्ही पाय एकदम उचलून टुणटुण पुढे सरकते, एकामागून एक पाऊल टाकत नाही. मग कबूतर येईल, ते बघा, ते आपल्यासारखं एक पाय मग दुसरा पाय असं मान पुढेमागे करत चालतं. म्हणून इंग्रजीत चिमणी हॉप करते आणि कबूतर वॉक करतं. हॉप म्हणजे छोट्या छोट्या, एकापाठोपाठ एक, जागच्या जागी किंवा थोडं पुढे सरकत मारलेल्या उड्या. पक्षी, ससा, बेडूक, कांगारू यांच्यासाठी दोन्ही पायांनी, आणि माणसासाठी मात्र एका पायावर. आपली लंगडी आहे ना, ती हॉपिंग. लेकीला लंगडी घालता येत असेल तर तिला हा शब्द आयुष्यात विसरता येणार नाही.

अजून पक्कं करायचं असेल तर यूट्यूबवर ट्रिपल जंपचा व्हिडिओ स्लो करून दाखवा. त्या खेळाचं जुनं नाव हॉप, स्टेप अँड जंप, आणि नियमच तसा आहे: पहिल्या उडीत ज्या पायाने उडालात त्याच पायावर उतरायचं, हा हॉप, दुसऱ्यात दुसऱ्या पायावर उतरायचं, ही स्टेप, आणि त्या पायावरून तिसरी उडी थेट वाळूत, हा जंप. तीन शब्दांचा फरक तीन सेकंदांत दिसतो.

जंप हा सगळ्यात मोठा, सगळ्यांना पोटात घेणारा शब्द. जमिनीवरून अंग वर उचललं की जंप. त्यामुळे तुमच्या लेकीचं उत्तर चूक नव्हतं, कमी नेमकं होतं, आणि मी असते तर लाल फुली मारली नसती, शेजारी "हॉप" लिहून अर्धा मार्क दिला असता. चौथीतल्या पोराला चूक म्हटलं की ते पुढच्या वेळी लिहितच नाही.

लीप म्हणजे लांब किंवा उंच झेप, मधलं काहीतरी ओलांडून जाणारी. ओढ्याच्या या काठावरून त्या काठावर, बिबट्याची झेप, तो लीप. लीप वर्ष हे नावही त्याच कल्पनेतून आलं. बघा, १५ ऑगस्ट २०२३ ला मंगळवार होता, साध्या वर्षात वार एकानेच पुढे सरकतो, म्हणजे २०२४ ला बुधवार यायला हवा होता, पण मध्ये २९ फेब्रुवारी आला आणि १५ ऑगस्ट बुधवार ओलांडून गुरुवारवर जाऊन पडला. मुलांना कॅलेंडर उघडून हे दाखवलं की डोळे मोठे होतात. स्किप म्हणजे एक पाऊल आणि एक हलकी उडी, पुन्हा दुसऱ्या पायाने तसंच, लहान मुली आनंदात असल्या की जशा जातात तसं. दोरीच्या उड्यांनाही स्किपिंग, आणि मधलं काही गाळलं, जसं जेवण टाळलं किंवा तास बुडवला, तरी स्किप.

आणि सुट्टीत गावी विहिरीवर गेलात तर तिथेही शब्द आहे. डोकं खाली करून सूर मारला तर डाइव्ह, खो-खोत खांबाजवळ मारतात त्या सुराला पोल डाइव्हच म्हणतात. पाय पोटाशी घेऊन मुटका मारला तर मात्र डाइव्ह नाही, तो साधा जंप. डाइव्हला डोकं किंवा हात आधी जायला हवेत.

सुनेच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला होते. हॉस्पिटलमध्ये नर्सने मला चहा हवा का विचारलं, मी मान हलवून हो म्हटलं, ती "ओके" म्हणून निघून गेली आणि चहा काही आला नाही. घरी येऊन सुनेला म्हटलं "आय शुक माय हेड", तर ती म्हणाली आई, मग बरोबरच आहे की, तुम्ही नाही म्हणालात! माझं काय चुकलं? (ठाणे)

ताई, तुमचं काहीच चुकलं नाही, दोन देशांच्या मानांचा घोळ आहे, पण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला कारण यात शब्द चुकला की अर्थ थेट उलटा होतो. मराठीत "मान हलवली" म्हटलं की होकार की नकार हे पुढच्या-मागच्या बोलण्यावरून कळतं. इंग्रजीत ते क्रियापदातच ठरलेलं असतं. मान वर-खाली केली तर नॉड, म्हणजे हो. डावीकडून उजवीकडे वळवली तर शेक, म्हणजे नाही. आपण ज्याला "मान डोलावली" म्हणतो, कीर्तनात आजोबा डोलावतात ती, तिच्या जवळचा शब्द नॉड.

पण तुम्ही बहुतेक तिसरंच काहीतरी केलंत. आपण "हो हो, चालेल" म्हणताना हनुवटी जागेवर ठेवून डोकं या खांद्याकडे त्या खांद्याकडे थोडं कलवतो, ते. तिकडच्या माणसाला ती हालचाल शेकसारखी वाटते आणि तो नकार समजतो. तिला इंग्रजीत वॉबल म्हणतात, हेड वॉबल. वॉबल म्हणजे तोल सैल असल्यासारखं इकडेतिकडे डुगडुगणं, एक पाय आखूड असलेलं टेबल करतं तसं. परदेशात असाल तर माझा साधा सल्ला आहे, मान जे करायचं ते करू दे, तोंडाने "येस प्लीज" म्हणायचं. आणि सुनेला सांगताना "आय नॉडेड" म्हणायला हवं होतं, अर्थात खरंच नॉड केला असतात तर.

"हलवणे" या एका क्रियापदाने मराठीत आपण किती कामं करतो ते एकदा घरात फिरून बघा. चहात साखर टाकून चमच्याने हलवतो, तो स्टर. औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं वापरण्यापूर्वी हलवा, तो शेक, कारण अख्खी बाटलीच हलते. चमचा आत जाऊन फिरला तर स्टर, भांडंच हललं तर शेक, एवढं लक्षात ठेवलं तरी स्वयंपाकघर सुटलं. निरोप देताना हात हलवतो तो वेव्ह, कुत्रा शेपूट हलवतो तो वॅग, पाळणा हलवतो तो रॉक, झोका किंवा लटकती वस्तू मागेपुढे जाते तो स्विंग, वाऱ्यावर माड डोलतो तो स्वे. "द डॉग शुक हिज टेल" म्हटलं तर समजेल, पण कुत्र्याने शेपूट पाण्यात बुडवून झटकली असं काहीतरी चित्र उभं राहील.

क्लायंटशी कॉल संपवताना मी "ओके, आय ॲम कमिंग" म्हणालो, समोरचा थांबला आणि म्हणाला, "कमिंग व्हेअर?" टीममधले हसले. आणि ब्रिंग, टेक, फेच यातही नेहमी अडकतो. (आयटीवाला, पुणे)

हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, तुम्ही अस्सल मराठी निरोप घेतलात. आपल्याकडे निघताना "जातो" म्हणत नाहीत, ते बरं मानत नाहीत, म्हणून "येतो" म्हणायचं, परत येण्याचं आश्वासन त्यात असतं. इंग्रजीत कम मात्र फक्त दिशा सांगतो, त्यात निरोप नाही. तिथे "आय शुड गेट गोइंग" किंवा "आय विल बी ऑफ" म्हणा. तसंच आतून आईने हाक मारली की आपण "आलो आलो!" म्हणतो, भूतकाळ वापरतो आणि अजून उठलेलोही नसतो. त्याला "आय केम" नाही, "कमिंग!" एवढंच.

आता कम आणि गो. चार्ल्स फिलमोर नावाचे भाषाशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात सांताक्रूझला दिलेल्या व्याख्यानांत या दोन छोट्या शब्दांचा कीस पाडला होता, पण तुमच्या-माझ्या कामापुरतं सांगायचं तर बोलणारा किंवा ऐकणारा जिथे आहे तिकडे गेलं की कम, तिसरीकडे गेलं की गो. आणि इथे एक दिलाशाची गोष्ट आहे, मराठीही असंच करते. क्लायंटला फोनवर सांगताना तुम्ही मराठीत काय म्हणाल? "उद्या तुमच्याकडे येतो, सॅम्पल घेऊन येतो." मग इंग्रजीतही कम आणि ब्रिंग. तीच गोष्ट घरी बायकोला सांगाल तर? "उद्या क्लायंटकडे जातोय, सॅम्पल घेऊन जातोय." मग गो आणि टेक. आणणे म्हणजे ब्रिंग आणि नेणे म्हणजे टेक, इतकं सरळ आहे. इथे मराठी कानावर बिनधास्त विश्वास ठेवा, फक्त निरोपाचा "येतो" आणि हाकेचा "आलो" एवढे दोन बाजूला काढा.

फेच कधी? जेव्हा माणूस तुमच्याजवळ आहे, वस्तू दुसरीकडे आहे, आणि त्याने जायचंही आहे आणि घेऊन परतही यायचंय. आजी म्हणते ना, "जा बाळा, आतून माझा चष्मा घेऊन ये", ते जा आणि घेऊन ये मिळून एक फेच. अमेरिकेत रोजच्या बोलण्यात त्या जागी बहुतेकदा गेट ऐकू येईल, आणि कुत्र्याला चेंडू आणायला सांगताना हमखास फेच.

एक तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतेच, कारण याने खरंच गैरसमज होतात. "मी तुला स्टेशनला सोडतो" याचं "आय विल लीव्ह यू ॲट द स्टेशन" करू नका, त्यात टाकून जाण्याचा भाव येऊ शकतो. गाडीने सोडणार असाल तर "ड्रॉप". चालत सोबत जाणार असाल तर "आय विल वॉक यू टु द स्टेशन", हो, असं चालतं, वॉकला माणूस कर्म म्हणून लावता येतो. आणि आणायला जाणं म्हणजे "पिक अप".

एमपीएससीचा अभ्यास करतोय. लाय आणि ले, राइज आणि रेझ, दरवेळी चुकतं. पाठांतर सोडून काही उपाय आहे का? (लातूर)

आहे, आणि तो तुमच्या तोंडात लहानपणापासून आहे. पडणे आणि पाडणे. मरणे आणि मारणे. गळणे आणि गाळणे. आतला स्वर बदलला की स्वतः होणारी गोष्ट दुसऱ्याने केलेली होते, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, कळतं. इंग्रजी ज्या जर्मानिक घराण्यातली आहे तिथेही पूर्वी हीच सोय होती आणि तिचे थोडे अवशेष आजच्या इंग्रजीत राहिलेत: सिट म्हणजे बसणे तर सेट म्हणजे ठेवणे-बसवणे, राइज म्हणजे वर येणे तर रेझ म्हणजे वर करणे, लाय म्हणजे आडवं पडणे तर ले म्हणजे आडवं ठेवणे, आणि फॉल म्हणजे पडणे तर फेल म्हणजे पाडणे (नापास होण्यातला फेल वेगळा), जो आता मुख्यतः झाड तोडून पाडण्यासाठी उरलाय. ड्रिंक आणि ड्रेंच हीसुद्धा मुळात अशीच जोडी, पिणे आणि पाजणे, नंतर ड्रेंचचा अर्थ चिंब भिजवणे असा सरकला.

म्हणजे वाक्य आलं की विचारायचं, "काय ठेवलं?" याला उत्तर आहे का? असेल तर ले, नसेल तर लाय. सूर्य स्वतः वर येतो, राइज. हात तुम्ही वर करता, रेझ. परीक्षावाले फसवतात ते भूतकाळात, कारण लायचा भूतकाळ नेमका ले असाच दिसतो. लाय, ले, लेन हे पडण्याचं. ले, लेड, लेड हे ठेवण्याचं. म्हातारा झाडाखाली आडवा झाला, तिथे ले. कोंबडीने अंडं घातलं, तिथे लेड, कारण अंडं हे कर्म आहे. या सहा रूपांना मात्र पाठांतराशिवाय इलाज नाही, एक दिवस द्या आणि संपवा.

याच ओघात "उचलणे". हात वर करणं रेझ, बॅग जमिनीवरून वर घेणं लिफ्ट, खाली पडलेली पेन्सिल किंवा वाजणारा फोन उचलणं पिक अप. लहान बाळ दोन्ही हात वर करून "मला घे" म्हणतं तेही पिक अप, आणि घेतल्यावर कडेवर घेऊन फिरणं ते कॅरी.

मालवणजवळ आमचा होमस्टे आहे. परदेशी पाहुणे रापण बघायला येतात. मी सगळ्याला पुल म्हणतो, दोरी पुल, होडी पुल, जाळं पुल. अजून नीट कसं सांगू? (सिंधुदुर्ग)

दादा, तुमच्या किनाऱ्यावर तर या शब्दांची अख्खी शाळा भरते. रापण मी एकदाच पाहिलीय, पहाटेची, होडी जाळं सोडत अर्धा गोल मारून परत आली, मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून माणसं दोन रांगांत वाळूत टाचा रुतवून मागे मागे जात होती, आणि कितीतरी वेळ समुद्रातून काही येतच नव्हतं, नुसती दोरी. ते जे आहे ना, जड वस्तू, सगळ्यांचा जोर, हळूहळू, बराच वेळ, ते हॉल. "दे हॉल इन द नेट." आणि जाळ्यात जे काही मिळालं त्यालाही हॉलच म्हणतात, "अ गुड हॉल" म्हणजे आज मासळी चांगली गावली. पाहुण्यांना हा एक शब्द सांगितलात तरी त्यांना समोरचं चित्र आणि शब्द एकत्र मिळतील.

रिकामी होडी वाळूवरून घासत वर आणता ते ड्रॅग, कारण ती जमिनीला घासतेय. ड्रॅगमध्ये जमीन आणि घर्षण पाहिजेच, आपलं फरफटत नेणं. होडीखाली ओंडके टाकून सरकवत असाल तर मात्र ड्रॅग नाही, तिथे रोल किंवा पुश, कारण घासत नाही. दोरीला एकदम हिसका दिला तर टग, छोटं पोर आईचा पदर ओढून "चल ना" म्हणतं तो पण टग, आणि रस्सीखेच म्हणजे टग ऑफ वॉर. बंद पडलेली होडी दुसऱ्या होडीला बांधून आणली तर टो, शहरात चुकीच्या जागी लावलेली गाडी उचलून नेतात तोच टो. आणि विहिरीतून पाणी शेंदता ना, तो ड्रॉ. शेंदणे हा शब्द आता नळामुळे ऐकू येत नाही, मला त्याचं वाईट वाटतं, तुमच्याकडे विहीर असेल तर पाहुण्यांना दोन्ही शब्द सांगा. पुल या सगळ्यांच्या वर बसतो, चुकत कुठेच नाही.

मराठी कथा इंग्रजीत करून बघते आहे. "चेंडू घरंगळत गटारात गेला" याचं मी "द बॉल वेंट इन द गटर रोलिंग" केलं. मैत्रीण म्हणते हे इंग्रजी वाटतच नाही. व्याकरण तर बरोबर आहे? (कॉलेज विद्यार्थिनी, कोल्हापूर)

मैत्रिणीचा कान चांगला आहे. आणि तुझ्या प्रश्नात या सगळ्या अंकाची किल्ली आहे म्हणून जरा निवांत लिहिते.

मराठीत आपण मुख्य क्रियापदाला फक्त दिशा देतो, गेला, आला, उतरला, चढला, आणि कसा गेला हे आधीच्या "-त" वाल्या शब्दात टाकतो, घरंगळत, लंगडत, धावत, सरपटत, पोहत. इंग्रजीत नेमकी अदलाबदल होते. कसा, ते मुख्य क्रियापदात जातं, आणि कुठे, ते छोट्याशा शब्दात उरतं, इन, आउट, अप, डाउन, अक्रॉस, अवे. लिओनार्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात जगातल्या भाषांची अशी वाटणी मांडली होती, इंग्रजी एका गटात, स्पॅनिश दुसऱ्या. आपली ही सवय स्पॅनिशच्या बाजूची.

म्हणून भाषांतर करताना "-त" वाला शब्द उचलायचा आणि त्यालाच क्रियापद करायचं. चेंडू घरंगळत गटारात गेला, द बॉल रोल्ड इन्टू द गटर. तो लंगडत बाहेर आला, ही लिम्प्ड आउट. ती धावत जिना उतरली, शी रॅन डाउन द स्टेअर्स. तो पोहत पलीकडे गेला, ही स्वॅम अक्रॉस. पाखरू उडून गेलं, फ्ल्यू अवे. बघ, "गेला" आणि "आला" कुठे गायब झाले? ते आउट आणि अक्रॉसमध्ये विरघळले. "केम रनिंग" चालतं, ते इंग्रजीत आहे, पण प्रत्येक वाक्यात वेंट आणि केम आले की वाचणाऱ्याला भाषांतराचा वास येतो.

यातूनच पुढचं कळतं की इंग्रजीत चालण्याची इतकी क्रियापदं का आहेत. आपण "चालणे" एकच ठेवून आधी शब्द जोडत जातो, ते आपल्याला पुरतं आणि गोडही वाटतं. रमतगमत चालणं म्हणजे स्ट्रोल, थकून पाय ओढत चालणं म्हणजे ट्रज, झोकांड्या खात म्हणजे स्टॅगर, चवड्यांवर आवाज न करता म्हणजे टिपटो, गुडघाभर पाण्यातून वाट काढत म्हणजे वेड. चोरपावलांनी आला, क्रेप्ट इन. बाळ रांगतं तो क्रॉल, साप सरपटतो तो स्लिदर. बाळ नुकतंच चालायला लागून दुडुदुडु जातं तो टॉडल, टॉडलर हा शब्द तिथूनच.

आणि कुणी म्हणालं मराठीत बारकावे नाहीत तर ऐकून घेऊ नकोस. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) उघडून कुठलंही पान वाच. धपकन पडला, टपकन पडला, धाडकन पडला, या तिन्हीत वस्तूचं वजनसुद्धा कळतं, आणि इंग्रजीत फॉल एकटा पडतो, मग त्याला वेगवेगळी क्रियापदं आणावी लागतात, जड वस्तूला थड, थेंबाला ड्रिप, मोठ्या आवाजाला क्रॅश. वारीच्या रिंगणात अश्व धावतो तेव्हा आपण चौखूर म्हणतो, तो गॅलप. हळू दुडकी चाल म्हणजे ट्रॉट. शब्द दोन्हीकडे आहेत, फक्त वेगळ्या कप्प्यात ठेवलेत. तुझ्या कथेत "धपकन" असेल तर फॉल लिहून पुढे जाऊ नकोस, थांब आणि आवाज ऐक.

थोडक्यात विचारलेलं, थोडक्यात:

"मागून गाडीने डॅश दिला" (औरंगाबाद रोड, नगर): मराठीत खुशाल म्हणा, इंग्रजीत नुसतं डॅश म्हटलं तर झटकन धावत जाणं असा अर्थ होतो. गाडीला हिट, हलकं लागलं तर बंप. कबड्डीत चढाई करणाऱ्याला अंगाने धक्का देऊन बाहेर काढतात तो डॅश मात्र खेळातला पक्का शब्द आहे.

"थ्रो इट टु मी की ॲट मी" (बोरिवली): माझ्याकडे फेक, मी झेलते, तर टु. मला मारायला फेकलं तर ॲट. आपण "कडे" आणि "वर" ने हेच करतो, "माझ्याकडे फेकला", "माझ्यावर फेकला". आणि क्रिकेटमध्ये बोलिंगला थ्रो कधी म्हणू नका, तो आरोप होतो, कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं तर चेंडू फेकला असं धरतात.

"बसमध्ये चढणे, गेट इन की गेट ऑन" (डोंबिवली): ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, बस, लोकल, विमान, बोट, तिथे ऑन आणि ऑफ. ज्यात वाकून शिरून बसावं लागतं, कार, टॅक्सी, रिक्षा, तिथे इन आणि आउट. बाइक, सायकल आणि घोड्यावर पाय टाकून बसतो म्हणून ऑन. क्लाइंब हा हातापायांचा जोर लागतो तिथे, झाड, कडा, शिडी. डोंबिवलीची सकाळची लोकल त्यात बसेल असं तुम्ही लिहिलंय, खरंच बसते.

भोवरा फिरतो, पृथ्वी फिरते, पंखा फिरतो, पप्पा संध्याकाळी फिरायला जातात. सगळ्याला रोटेट लिहिलं तर चालेल का? (इयत्ता सातवी, सातारा)

बाळा, पप्पांना रोटेट करू नकोस एवढंच. ते "गो फॉर अ वॉक". काही लोक "रोमिंग" म्हणतात, पण रोम म्हणजे कुठे जायचं ते न ठरवता भटकणं, पप्पा तर रोज त्याच रस्त्याने जाऊन येत असतील.

पृथ्वीचं तुझ्या भूगोलाच्या पुस्तकातच आहे. स्वतःभोवती फिरते ते परिवलन, रोटेट. सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण, रिव्हॉल्व्ह, आणि त्याला साधारण ३६५ दिवस आणि सहा तास लागतात, ते उरलेले सहा तास चार वर्षं साठले की २९ फेब्रुवारी येतो. मराठीत पुस्तकाने दोन शब्द दिलेत म्हणून तुला इंग्रजीतले दोन सोपे जातील. पंख्याला रोटेट चालतं, रोज बोलताना "द फॅन इज टर्निंग" किंवा स्पिनिंग.

भोवऱ्याला स्पिन. स्पिन म्हणजे स्वतःभोवती गरगर, वेगाने. दोरी गुंडाळून टाकलास की आधी तो इतका जोरात फिरतो की उभाच आहे असं वाटतं, तेव्हा तो स्पिन करतोय. मग वेग कमी होतो आणि तो डुलायला लागतो, डोकं इकडे, डोकं तिकडे, त्याला वॉबल म्हणतात, वर ठाण्याच्या आजींच्या मानेला लावला तोच शब्द. मग कलंडतो, टिप्स ओव्हर. आणि आडवा झाल्यावर गोल फिरत जरा लांब जातो, रोल्स अवे. एकदा भोवरा टाकून हे चार शब्द त्या त्या वेळी मोठ्याने म्हणून बघ आणि मला कळव कुठला म्हणायला वेळ पुरला नाही.